हजारात दोन

सकाळी उठल्याउठल्या लोक हवामान बघतात. मी आप्पांना बघायचे.

फोनच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी आणि तिच्याखाली आकडा. बहुतेक दिवस तो दोन असायचा. हजारात दोन. कधीमधी तीन. दोन असला की मी जुईच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून चहाचं आधण ठेवायचे. तीन असला तरी तेच करायचे, फक्त पातेलं जरा जास्त वेळ हातात राहायचं.

आप्पांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

माझ्या पोटात उजवीकडे, खाली, आप्पांची किडनी आहे. शरीरातल्या पेशी रोज थोड्या थोड्या मरत असतात. मेलेली पेशी फुटली की तिच्यातल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सांडतात आणि थोड्या वेळात नाहीसेही होतात. माझ्या रक्तातले बहुतेक तुकडे माझेच. पण किडनी आप्पांची, तेव्हा तिच्यातून सांडणारे तुकडे आप्पांचे. दंडावर चिकटवलेली रुपयाएवढी चकती ते वेगळे ओळखायची आणि मोजायची. हजारात दोन-तीन म्हणजे किडनी सुखात आहे. पाचच्या पुढे गेलं की सावध व्हायचं. दहा म्हणजे माझ्याच शरीरानं तिच्यावर हल्ला चढवलाय, तिच्या पेशी भराभर मरताहेत.

म्हणजे आप्पा जितके जास्त दिसतील तितका धोका जास्त. हे मला पक्कं कळत होतं; मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तरी तीन दिसले की क्षणभर बरं वाटायचं. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटायची आणि मी जाऊन जुईचा डबा भरायला घ्यायचे.

आप्पा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. तालुक्याच्या स्टँडवर काचेच्या खोलीत माइकसमोर बसायचे. आता तिथे यंत्राचा आवाज येतो, एका सुरातला, न थकणारा. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना माझे पाय सुजायला लागले आणि दोन्ही किडन्या गेल्याचं निघालं. आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिस. आप्पांनी सगळ्या कंडक्टरांना सांगून ठेवलं होतं, ड्रायव्हरच्या मागची सीट माझ्या पोरीची. परतीच्या गाडीत मी काचेला डोकं टेकून झोपलेली असायचे. गाडी स्टँडात वळली की आप्पांचा आवाज कानावर यायचा. "मिरजेहून आलेली गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." नियमाप्रमाणे एवढंच. पण त्यापुढे माइक अर्धा श्वास चालू राहायचा. तो अर्धा श्वास माझ्यासाठी असायचा.

किडनी त्यांनीच दिली. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून माझ्या खोलीच्या काचेपाशी आले, हात केला आणि खिशातून फोन काढून मलाच लावला.

"काय गं, लागली का गाडी मार्गाला?"

"तुम्हाला दुखतंय का आप्पा?"

"मला कशाचं दुखतंय? आगारात एक स्पेअर उभीच होती. नुसती गंज खात होती. तुझ्या रूटला लावली."

पण शरीराला नवी किडनी परकीच. शरीराचे पहारेकरी तिला चोर समजून मारायला धावतात. म्हणून त्यांना गुंगीत ठेवायचं औषध जन्मभर घ्यायचं. गुंगी कमी पडली तर किडनी जाते. जास्त झाली तर खरे चोर आत शिरतात आणि साधा खोकलासुद्धा महिनाभर हटत नाही. शिवाय दोन डोसांमध्ये बरोब्बर बारा तास. हे सगळं समजावणाऱ्या सिस्टरना आप्पा म्हणाले, "मॅडम, वेळेचं माझ्यावर सोडा."

सकाळी आठ, रात्री आठ. सहा वर्षं, दिवसातून दोनदा फोन.

"आठची सुटली का?"

"सुटली."

"पाण्याबरोबर ना? चहाबरोबर नको हां."

"पाण्याबरोबर, आप्पा."

"बरं. ठेव."

लग्नाच्या दिवशी माझे हात कोपरापर्यंत हळदीनं माखलेले. आठ वाजले तसे आप्पा मांडवातून वाट काढत आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी मला कॅप्सूल भरवली, वर पाण्याचा पेला धरला. निरंजनची मावशी म्हणाली, "अगंबाई, एवढी घोडी झाली तरी बाप भरवतोय!"

"अजून आमच्या हद्दीत आहे, बाई," आप्पा म्हणाले. "तुमच्या हद्दीत आली की तुम्ही बघा."

हद्द काही त्यांनी कधी सोडली नाही. जुई झाली त्या दिवशीही आठला फोन आलाच. ते दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर होते आणि मी आत, मधे एक भिंत.

मग एका सकाळी आठला फोन आला नाही. सव्वाआठला आईचा आला.

त्यानंतरही मी आठलाच घ्यायचे आणि घेतली की मोठ्यानं म्हणायचे, "सुटली." जुईला वाटायचं, त्या पांढऱ्या कॅप्सूलचं नावच सुटली आहे.

जुई बालवाडीत जायला लागली आणि तिथून ती जे काही घेऊन यायची ते माझ्या अंगात मुक्काम ठोकायचं. एका वर्षात दोनदा दवाखान्यात भरती झाले. दुसऱ्या वेळी घरी आले तर जुई उंबऱ्यात उभी, नाकावर रुमाल बांधलेला, निरंजननं बांधून दिलेला. "आई, आज जवळ येऊ का उद्या येऊ?" चार वर्षांची पोर आईजवळ यायची तारीख विचारत होती.

तो प्रसंग मी कुरणे मॅडमना सांगितला. त्या माझ्या किडनीच्या डॉक्टर; कमी बोलतात, बोलताना पेनाचं टोपण उघडमीट करतात. त्यांनी टोपण लावलं आणि 'समतोल'बद्दल सांगितलं.

"आजवर आपण काय मोजत होतो? रक्तात औषध किती आहे ते. पण एकाला जे पुरतं ते दुसऱ्याला पुरत नाही. खरा प्रश्न आहे, तुझे पहारेकरी किती जागे आहेत? समतोल औषध मोजतच नाही. तो पहारेकऱ्यांची हालचाल मोजतो आणि किडनीचं नुकसान मोजतो. दर तासाला. आणि पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या डबीतून तेवढंच औषध सोडतो. सगळं शांत दिसलं की किंचित कमी करतो. थांबतो, बघतो. परत कमी."

"किती कमी?"

"काहींचं शरीर हळूहळू परक्या किडनीला आपलं म्हणायला लागतं. असे कोण, ते आधी ओळखता येत नाही. कमी करत गेल्यावरच कळतं. तू त्यांच्यातली निघालीस तर एखाद्या दिवशी शून्यही होईल."

शून्य. म्हणजे रुमाल नको, तारीख नको. मी सही केली. समतोलवर अजून संशोधनाचा अभ्यासच चालू होता आणि त्याची एकच अट होती, बाहेरची एकही कॅप्सूल घ्यायची नाही. घरातला सगळा साठा सिस्टरनी मोजून परत घेतला.

सगळा म्हणजे एक पाकीट सोडून. ते बाळगुटीच्या डब्यात राहिलं होतं. राहिलं होतं म्हणजे मी ठेवलं होतं.

खरं सांगते, ते भीतीनं ठेवलं होतं. यंत्र बंद पडलं तर? घ्यायचं असं ठरवलं नव्हतं. पण समतोल बसवून घरी आले त्या दिवशी रात्रीचे आठ वाजले आणि मला काही करायचंच नव्हतं. ओटा पुसला. पुसलेला ओटा परत पुसला. नऊ वर्षांत पहिल्यांदा आठ वाजून गेले आणि मी कुणालाच काही कळवलं नाही. आप्पा गेले त्या दिवशीही एवढं रिकामं वाटलं नव्हतं, त्या दिवशी माणसं होती. आठ वाजून सात मिनिटांनी मी बाळगुटीचा डबा उघडला. एक मिलिग्रॅमची एकच. एकानं काय होतंय.

"सुटली," मी म्हणाले.

"सुटली!" जुई आतून ओरडली.

पाकीट संपलं तेव्हा जुन्या चिठ्ठीवर दुसरं आणलं.

समतोलनं पहिल्या महिन्यात औषध शंभर टक्क्यांवरून ऐंशीवर आणलं. तिसऱ्या महिन्यात पंचावन्न. आकडा दोन. सहाव्या महिन्यात तीस, आकडा दोनच. मॅडमनी माझा आलेख मोठ्या पडद्यावर लावला. तीनदा टोपण उघडलं, तीनदा मिटलं. "प्रणोती, तुझं शरीर आप्पांना ओळखतंय."

हे वाक्य मी घरी आणलं. निरंजनला सांगितलं, आईला फोनवर सांगितलं, स्वतःला तर किती वेळा सांगितलं. निरंजनचं बेदाण्याचं शीतगृह आहे, तो माणूस तापमान सोडून कशावर बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाला, "सासऱ्यांना कोण नाही म्हणणार? मला तरी कुठं म्हणता आलं?"

आणि आम्हाला खरंच चांगले दिवस आले होते. मी जुईला कुशीत घेऊन झोपत होते. तिच्या शेंबड्या नाकासकट. डबीतून औषध निम्म्याच्या खाली उतरलं होतं, कॅप्सूल रोज एकच होती, त्यामुळे एकूण गुंगी आधीपेक्षा खरोखरच कमी झाली होती. तेवढं यश खरं होतं. म्हणून तर बाकीचं खोटं लपलं.

आठव्या महिन्यात दवाखान्याच्या बाकावर सादिकभाई भेटले. मिरजेत त्यांचं विजेच्या सायकली दुरुस्तीचं दुकान. किडनी बायकोची, रुक्सानाभाभींची. दोघं कायम बरोबर यायची आणि कायम भांडत यायची.

"ताई, तुमचे उपकार झाले बघा," सादिकभाई म्हणाले. "मॅडम म्हणाल्या, एका पेशंटचा आलेख लई भारी आलाय, त्याच वेगानं सात जणांचं कमी करून बघूया. एक मी. नावं सांगत नाहीत, पण मी ओळखलं. तुमच्या तोंडावर दिसतंय."

"ह्यांना काय सगळ्यांच्याच तोंडावर दिसतं," रुक्सानाभाभी म्हणाल्या. "आरशात बघायचं सोडून."

"तुमच्याकडे जुन्या कॅप्सूल राहिल्यात का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एकपण नाही. मोजून दिल्या. कागदावर सही केली ना आपण."

मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

त्यानंतर निरंजनच्या गावची जत्रा आली. पाच दिवसांचं सामान भरताना जुईचे स्वेटर, जुईचं तापाचं औषध, जुईची उशी, सगळं घेतलं. बाळगुटीचा डबा फडताळातच राहिला. गावी पोचल्यावर लक्षात आलं आणि वाटलं, बरं झालं, एवीतेवी समतोलचं औषध आता सहावर आलंय, शून्य झाल्यासारखंच आहे.

पहिल्या दिवशी दोन. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी सहा. जुई पाळण्यात बसायचा हट्ट करत होती आणि मी पाळण्याच्या रांगेत उभी राहून फोन बघत होते. पाचव्या दिवशी सकाळी आकडा आठ. खाली समतोलचा निरोप : 'किंचित वाढ. डोस सहावरून सात. लक्ष आहे.' सहावरून सात! पण त्याची तरी काय चूक, दहा महिन्यांत त्याला एकदाही घाई करावी लागली नव्हती. हे शरीर शांत आहे, असंच तो शिकला होता.

घरी आल्याआल्या बूट न काढता मी फडताळापाशी गेले. चार दिवसांत आकडा परत तीनवर आला.

सुटकेनं मी खाली बसले आणि मग, सवयीनं, दहा महिन्यांचा आलेख उघडून बघत बसले. यंत्राचं औषध उतरत गेलेलं. खाली आकड्याची सपाट रेघ. मधे फक्त जत्रेचा उंचवटा. हे चित्र मी आधी कुठेतरी बघितलं होतं. कॉलेजात नाही, पुस्तकात नाही. आप्पांच्या टेबलावर.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. कोनवडी नावाच्या गावाला साडेपाचची गाडी जायची, हायस्कूलच्या पोरींची. कुणीतरी जीप घेतली आणि वडाप सुरू केलं. जीप एस.टी.च्या बरोब्बर पाच मिनिटं आधी स्टँडाबाहेर उभी राहायची आणि पोरी भरून न्यायची. आप्पा रोज संध्याकाळी गाडीतली माणसं मोजायचे. चाळीस. पंचवीस. अकरा. वरच्या कार्यालयात तेवढेच कागद जात होते, गाडीचं भारमान घसरतंय एवढंच दिसत होतं. जीप कुठल्याच कागदावर नव्हती. कागदावरून वाटावं, कोनवडीच्या लोकांना आता गाडीची गरजच उरलेली नाही. फेरी बंद झाली. दोन महिन्यांनी जीप पाटा तुटून बंद पडली. फेरी परत सुरू व्हायला आठ महिने गेले, तोवर तीन पोरींची शाळा सुटली होती. मी आप्पांना एकदाच रडताना बघितलंय, त्या पोरींपैकी एक लग्न होऊन स्टँडवर दिसली तेव्हा.

माझी आठची कॅप्सूल म्हणजे वडाप होती. ती यंत्राच्या पुढे पाच मिनिटं निघत होती आणि कुठल्याच कागदावर नव्हती. यंत्राला वाटलं, इथे आता माझी गरज नाही. माझं शरीर आप्पांना ओळखत वगैरे काही नव्हतं. मी त्याला गुंगीत ठेवत होते, एवढंच.

हे मला कळलं आणि दुसऱ्याच क्षणी सादिकभाई आठवले. त्यांच्या मागे जीप नव्हती.

मी फोन लावला. "सादिकभाई, आज आकडा किती?"

"सात. परवा पाच होतं. यंत्र म्हणतंय लक्ष आहे. आपण काय टेन्शन घेत नाही, तुमच्याच मार्गानं चाललोय की!"

निरंजन हिशेबाची वही मिटून माझ्याकडे बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"बाळगुटीच्या डब्यातल्या? त्या मी बघितल्या होत्या. मला वाटलं मॅडमनी सांगितलंय."

"विचारलं का नाहीस?"

"तू घेताना जुईबरोबर हसायचीस. दिवसातनं तेवढंच हसायचीस. म्हटलं, कशाला विचारा." मग चपला घालत म्हणाला, "चल. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही."

मिरजेपर्यंत मी एकच गोष्ट जुळवत होते, कमीत कमी शब्दांत कसं सांगावं. कारण मला माहीत होतं काय जाईल. अभ्यासातून नाव जाईल, ते जाऊ दे. सकाळचा आकडा जाईल.

कुरणे मॅडमनी मधे एकदाही अडवलं नाही. मी बोलायची थांबले तेव्हा त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, टोपण न लावता.

"एकच? रोज?"

"रोज. रात्री."

"का?"

उत्तर माझ्याऐवजी निरंजननं दिलं. "तिचे वडील आठला फोन करायचे."

मॅडमनी फोन पुढ्यात ओढला. मग त्यांनी माझ्यासमोरच सातही जणांना एकेक करून फोन लावले. प्रत्येकाला तोच प्रश्न. "रागावणार नाही. खरं सांगा. बाहेरून काही घेता?"

सातपैकी चौघं घेत होते. एक इचलकरंजीचे मास्तर. त्यांनी अर्धं पाकीट पूजेच्या डब्यात ठेवलं होतं. एका बाईंना त्यांची बहीण पोस्टानं पाठवत होती. एकजण फक्त अमावास्या सोडून रोज घ्यायचा. चौथ्यानं आधी नाही म्हटलं आणि पाच मिनिटांनी स्वतः फोन केला. या चौघांचे आकडे उत्तम होते.

उरलेले तिघं सही केल्याप्रमाणे वागले होते. तिघांचेही आकडे चढत होते.

"एवढं चांगलं चाललं होतं ते यंत्रामुळे नाहीच," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुम्ही लोक घाबरत होता म्हणून." त्या हसल्या की काय ते मला कळलं नाही. सातही जणांचं कमी करणं थांबवून तिघांना त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. मला जुना डोस लिहून दिला, दोन्ही वेळचा. चकती दंडावर राहील म्हणाल्या, पण पडदा माझ्यापुरता बंद.

"मला आकडा दिसणारच नाही?"

"नाही. तू आकडा बघतेस आणि काहीतरी करतेस. आता आकडा मी बघीन, करायचं ते मी करीन. तू फक्त आई हो."

मी मान हलवली. उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "आजचा तेवढा सांगा."

त्यांनी नियम मोडावा की नाही याचा विचार केला असावा. "तीन," त्या म्हणाल्या.

सादिकभाईंना तीन दिवस सलाइनमधून जोरदार स्टेरॉइड द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर रुक्सानाभाभी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर डबा. मला बघून सरकल्या नाहीत.

"भाभी, माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळंच," त्या म्हणाल्या. "माझी होती ती. माझ्या पोटातनं काढून दिली ह्या माणसाला. तुम्ही तिथं पाकीट लपवून बसला आणि हा इथं इमानदारी करत बसला. एक गोळी ह्यानंपण चोरून घेतली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही! सही केलीय म्हणे!"

आतून सादिकभाईंचा बारीक आवाज आला, "अगं, हळू बोल की."

"तुम्ही गप पडा." मग माझ्याकडे वळून, "मला राग आलाय ताई. तो आज जायचा नाही. उद्यापण येणार आहे. बसा आता, उभं किती राहणार."

मी बसले. तिसऱ्या दिवशी त्यांचा आकडा पाचवर आला, आठवड्यानं तीन. बाकीच्या दोघांच्याही किडन्या वाचल्या. रुक्सानाभाभींचा राग साधारण दोन महिने टिकला. पाडव्याला त्या जुईसाठी शेवयांचा डबा घेऊन आल्या आणि तेव्हाही एकदा सगळं नव्यानं बोलून घेतलं.

पुढच्या वर्षी अभ्यास परत सुरू झाला, तेव्हा मॅडमनी मला बोलावलं. पेशंट म्हणून नाही. "मला ते खरं सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला कोण सांगतं? तू बस त्यांच्याशी. गुरुवारी, दोन तास."

तेव्हापासून गुरुवारी मी ओपीडीच्या टोकाच्या खोलीत बसते. समोर एक छापील फॉर्म. रकाने साधे : बाहेरून काय घेता, किती, किती वेळा. लोक आधी काहीच सांगत नाहीत. मग मी माझं सांगते. मग एकेकाचं काय काय बाहेर पडतं. काढा निघतो, अंगारा निघतो, मेव्हण्यानं दिलेली कसलीशी पुडी निघते. सादिकभाईंच्या इमानदारीचंही मी सांगते.

गेल्या गुरुवारी एकोणीस वर्षांची मुलगी आली होती, जतकडची, बरोबर वडील. किडनी वडिलांचीच. द्राक्षबागेत काम करणारा माणूस, नखांत फवारणीच्या औषधाचा निळा रंग अजून. मुलीनं सगळ्या प्रश्नांना स्पष्ट "नाही" म्हटलं, आणि मला ते खरं वाटलं. वजन करायला ती बाहेर गेली. वडील तिच्यामागे निघाले, दारातून परत आले आणि खुर्चीवर न बसता टेबलाच्या कोपऱ्याला धरून उभे राहिले.

"ताई, तिला सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"मी घालतो. सकाळी तिच्या पाण्याच्या पेल्यात. कॅप्सूल उघडून, निम्मी. तिला ठाऊक नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "तिनं डॉक्टरला लबाड बोलायला नको. म्हणून मीच."

मी पेन उघडलं. काय : कॅप्सूल. किती : निम्मी. किती वेळा : एकदा. तिच्या बाजूनं प्रत्येक उत्तर खरं होतं, तरी फॉर्म खोटा झाला असता. कोण देतं, असा रकानाच त्यात नव्हता. मी कागद आडवा धरला आणि उजव्या समासात हातानंच एक उभी रेघ ओढली. वर लिहिलं, 'देणारा'.

"तुमचं नाव सांगा," मी म्हणाले. "पूर्ण."